छोटे फझ पेडल: सांगली-मिरजेकडच्या गिटारवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी संध्याकाळी आमच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत चार-पाच जण गिटार घेऊन जमतात, आणि दर महिन्याला कोणतरी नवीन पोरगं येतं आणि माझ्या पायाशी पडलेल्या डबड्यांकडे, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या फझ पेडलकडे, बघून तेच प्रश्न विचारतं. उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी काही इंजिनिअर नाही, पंधरा वर्षं वाजवतोय, त्यातली चार-पाच ऑर्केस्ट्रात गेली, आणि सोल्डरिंग गन हातात धरता येते, एवढंच. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत संपलीत, चालवून घ्या.

फझ म्हणजे डिस्टॉर्शनच ना शेवटी?

नाही भावा. लांबचे नातेवाईक म्हणा, सगळे गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचेच प्रकार. ओव्हरड्राइव्ह सिग्नलची टोकं हळूच दाबतो, डिस्टॉर्शन ती कात्रीने कापतो, आणि फझ वरून रोड रोलर फिरवल्यासारखं सगळं चपटं करून टाकतो. आत गेलेली गोलगरीत लाट बाहेर येताना जवळजवळ चौकोनी होऊन येते, आणि चौकोनी लाटेत हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या वरचे उपसूर, भरमसाट असतात, म्हणून तो आवाज भुणभुणतो, खरखरतो, आणि सूर मात्र लांबपर्यंत टिकून राहतो.

मिरजेत राहणाऱ्याला हे समजवायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. सतारमेकरच्या दुकानात जाऊन तंबोऱ्याची जवारी काढताना बघा. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो, तार त्या उतारावर टेकत टेकत थरथरते आणि त्यातून तो झणझणीत, सूक्ष्म हार्मोनिक्सने भरलेला आवाज निघतो. कारागीर कानसने जरासं घासतो, तार चढवतो, ऐकतो, परत उतरवतो, परत घासतो. मग तारेखाली सुती दोरा असा केसभर पुढं-मागं सरकवतो आणि एका जागी अचानक तंबोरा "उघडतो". फझचं बटण फिरवणं म्हणजे तोच दोरा सरकवणं. गंमत म्हणजे २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅग मिळाला, म्हणजे तारेला भुणभुणायला लावण्यात आपल्या गावाचा अधिकृत हात आहे, तेव्हा फझ हे काहीतरी परदेशी थेर आहे असं घरच्यांनी म्हटलं तर हे उदाहरण द्या. आमच्या वडिलांवर चाललं नाही, पण तुमच्याकडे चालेल.

आणि गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो आठवा, भोंग्यातून फाटून येणारा. तो फझच, फक्त पेडलशिवाय.

हे आलं कुठून?

बिघाडातून. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेसचा आवाज फाटून आला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी नंतर तसा आवाज मुद्दाम काढायचं सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये गिब्सनने ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. सुरुवातीला फार कुणी विचारलं नाही, १९६५ ला रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने वापरल्यावर मग सगळ्यांना पाहिजे झालं. १९६६ ला इंग्लंडमध्ये आर्बिटरचा फझ फेस आला, तो गोल आकार माइक स्टँडच्या बुडावरून घेतलेला. १९६९ ला न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बिग मफ आला. आज तुम्ही ऑनलाइन जे काही पन्नास छोटे फझ बघता त्यातले बहुतेक या दोन-तीन घराण्यातलेच असतात, नाव आणि रंग वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की निवड फार सोपी होते, म्हणून इतिहास सांगितला, नाहीतर मला पण कंटाळा आहे.

छोटाच का घ्यायचा? मोठा जास्त दमदार वाजत नाही का?

डब्याच्या आकाराचा आवाजाशी संबंध नाही. फझ फेसच्या मूळ सर्किटमध्ये मोजून अकरा पार्ट आहेत: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर). ते काडेपेटीत बसेल. जुना मोठा गोल डबा आतून जवळजवळ रिकामा असायचा.

छोट्याचे तोटे वेगळे आहेत आणि ते कुणी आधी सांगत नाही. मूअर कंपनीच्या साइजचा जो एकदम चिंचोळा मिनी पेडल असतो, साधारण ४२ मिलिमीटर रुंद, त्यात बॅटरी बसतच नाही, अ‍ॅडॅप्टर लागणारच. दुसरं म्हणजे वजन नाही, त्यामुळे जरा जाड केबल लावली की केबलच पेडलला फिरवते, तुम्ही पाय टाकता तिथं स्विच नसतोच. खाली वेल्क्रो लावून फळीवर चिकटवल्याशिवाय स्टेजवर नेऊ नका. आणि तिसरं, बारीक नॉब स्विचच्या इतक्या जवळ असतात की बुटाच्या टोकाने एखादा फिरतोच. माझा एकदा पलूसजवळच्या एका जत्रेत भर गाण्यात व्हॉल्यूम नॉब पूर्ण वर गेला, साऊंडवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

मग तुलना करून एकदा सांगा ना, कोणता कसा आहे?

घराण्याप्रमाणे सांगतो.

फझ फेस घराणं. डनलॉपचे फझ फेस मिनी हे गोल पण लहान, बशीएवढे. निळा सिलिकॉन, लाल जर्मेनियम, आणि फिरोजी रंगाचा हेंड्रिक्स नावाचा, तो पण सिलिकॉनच. दोनच नॉब, व्हॉल्यूम आणि फझ. बॅटरी बसते, अ‍ॅडॅप्टरची जागा आहे, लाइट आहे (जुन्या मोठ्या फझ फेसला लाइट नसायची, चालू आहे का बंद हे वाजवल्यावरच कळायचं). माझ्या मते गिटारच्या व्हॉल्यूम नॉबशी खेळायचं असेल तर हेच घराणं, दुसरीकडे बघू नका. याच पट्टीतला मूअरचा ग्रे फेझ, तो सगळ्यात चिंचोळा आणि खिशाला परवडणारा. एमएक्सआरचा क्लासिक १०८ पण याच रक्ताचा, त्यात बीसी १०८ ट्रान्झिस्टर आणि वर एक बफरचं (सिग्नलला जोर देऊन पुढं पाठवणाऱ्या छोट्या सर्किटचं) बटण आहे, ते का कामाचं हे खाली चेनच्या प्रश्नात येईल.

जेएचएसचा ३ सीरिज फझ मी वेगळा काढतो कारण त्यात बायस (ट्रान्झिस्टरला मिळणारा बैठकीचा व्होल्टेज) नावाचा तिसरा नॉब आहे. बायस खाली आणला की सूर तुटक होतो, संपत आलेल्या सेलवरच्या रेडिओसारखा. हे ज्यांना आवडतं त्यांना वेड लावतं, बाकीचे तो नॉब एकदा सेट करून विसरतात.

मफ घराणं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने नॅनो साइजमध्ये बिग मफची जवळजवळ सगळी पिढ्यानपिढ्यांची खानदान काढलीय: साधा नॅनो, ट्रँगल, रॅम्स हेड, ग्रीन रशियन, ऑप-अँप. व्हॉल्यूम, सस्टेन, टोन असे तीन नॉब. चार ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ, त्यातल्या मधल्या दोघांकडे डायोड लावून कापाकापी, म्हणून इथं सूर मऊ, जाड, रजईसारखा, आणि सस्टेन एवढा की नोट लावून चहा पिऊन या. ग्रीन रशियनमध्ये खालचा बेस भरदार, ट्रँगल जरा मोकळा आणि सुराला स्पष्ट, ऑप-अँपमध्ये ट्रान्झिस्टरऐवजी चिप आहे, त्याचा आवाज जास्त दाट आणि खरखरीत, आणि टोन बायपास करायचा, म्हणजे टोनचं सर्किट वगळायचा, स्विच पण आहे. एकच मफ घ्यायचा तर मी ग्रीन रशियन घेईन, ही माझी आवड, भांडू नका. मूअरचा ट्रँगल बफ याच घराण्याचा चिंचोळा धाकटा.

वेडे. झेडवेक्सचा फझ फॅक्टरी, पाच नॉब, आणि एक नॉब हलवला की बाकी चारांचा अर्थ बदलतो. तो शिट्या मारतो, किंकाळतो, मध्येच गप्प होतो. पहिला पेडल म्हणून अजिबात नको, तिसरा-चौथा म्हणून जरूर.

बेरिंजरचा एसएफ ३०० पण बरेच जण विचारतात. प्लॅस्टिकचा आहे, पण सर्किट बॉसच्या जुन्या हायपर फझच्या चालीवरचं, जोरदार आहे, तीन मोड आहेत, खिसा रिकामा असेल तर घ्या आणि स्विचवर नाचू नका.

सिलिकॉन की जर्मेनियम?

हा प्रश्न पुण्यात विचारला असता तर मी म्हटलं असतं दोन्ही ऐकून ठरव. सांगलीत विचारतोयस म्हणून सरळ सांगतो, सिलिकॉन घे.

जर्मेनियमचा आवाज गोड असतो यात वाद नाही. कडा गोल असतात, व्हॉल्यूम कमी केल्यावर फार सुंदर साफ होतो. पण जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये गळती असते, म्हणजे सिग्नल नसताना पण थोडा करंट झिरपत राहतो, आणि ही गळती साधारण दर आठ-दहा डिग्रीला दुप्पट होते. आता हिशोब करा. पेडल २२-२३ डिग्रीत बसून कुणीतरी बायस सेट केलेला, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बाहेर ३८-४० जातंच, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. गळती चौपट. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर जे साडेचार व्होल्टच्या आसपास पाहिजे ते घसरतं, आणि पेडल मरगळतो.

माझ्याकडे लाल जर्मेनियमवाला आहे असं नाही, मी स्वतः बांधलेला आहे, जुन्या रेडिओतून काढलेल्या एसी १२८ वर. जानेवारीत सकाळी वाजवला तर रडू येईल असा आवाज. तोच मे महिन्यात दुपारी तीनला लावला तर नोट सुरू होते, फुस्स होते, मधूनच तुटते, जणू कुणी तोंडावर टॉवेल धरलाय. एकदा चिडून पेडल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, वर रबर लावलं आणि स्वयंपाकघरात माठाला टेकवून ठेवला, पाव तासाने आणून लावला तर परत जानेवारी! वीस मिनिटं मस्त वाजला, मग परत फुस्स. आईने विचारलं माठापाशी काय ठेवलंस, म्हटलं पेडल, ती म्हणाली पाण्याला वास लागला ना तर तुला पण त्याच पिशवीत घालीन. फ्रिजमध्ये ठेवू नका मात्र, बाहेर काढल्यावर आत दव साचतं.

महाबळेश्वरला राहत असाल तर जर्मेनियम घ्या, सातारा शहरात पण हिवाळ्यापुरता चालेल. सिलिकॉनला या उन्हाचं फारसं काही वाटत नाही. त्याचा गेन (सिग्नल वाढवायची ताकद) कितीतरी जास्त असतो, कडा जास्त धारदार असतात, ती धार गिटारच्या टोन नॉबने कमी करता येते.

व्हॉल्यूम कमी केल्यावर "साफ होतो" म्हणतात ते काय प्रकरण?

फझ फेस जातीच्या पेडलची खरी मजा हीच, आणि नव्वद टक्के पोरं ती न बघताच पेडल विकतात. पेडलवर फझ पूर्ण, व्हॉल्यूम आवडेल तसा, आणि आता पेडलला हात लावायचा नाही. गिटारचा व्हॉल्यूम दहावर: फाडफाड फझ. आठवर: जाड ओव्हरड्राइव्ह. सहा-सातवर: चकचकीत, काचेसारखा क्लीन, जो तुमच्या नुसत्या अॅम्पवर कधी मिळत नाही. हे होतं कारण या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो, तो पिकअपवर (तारांखालच्या चुंबक-कॉइलवर) लोड टाकतो, आणि गिटारचा नॉब फिरवला की गिटार आणि पेडल मिळून एकच सर्किट असल्यासारखे वागतात.

म्हणून दुकानात पेडल ट्राय करताना नॉब पेडलचे नका फिरवू, गिटारचा फिरवा. मफमध्ये हे असं होत नाही, तिथं व्हॉल्यूम कमी केला तरी बराच वेळ फझच राहतो.

चेनमध्ये, म्हणजे पेडलच्या रांगेत, कुठं लावायचा?

फझ फेसवाला: एकदम पहिला, गिटारनंतर लगेच. त्याच्याआधी बफर असलेला कुठलाही पेडल नको, बफर मध्ये आला की गिटार आणि फझची ती जोडी तुटते. बॉसचे पेडल बंद असले तरी बफर चालूच असतो, त्यामुळे ट्यूनर पहिला लावायची सवय असेल तर तोच गुन्हेगार. पोरं सांगतात "फझ पातळ वाजतोय, चिरकतोय, व्हॉल्यूमने साफ होत नाही", दहापैकी सात वेळा ट्यूनर फझच्या नंतर नेला की प्रश्न संपतो. वायरलेस लावत असाल तर तोही बफरच. एमएक्सआर १०८ वरचं ते बफर बटण याच त्रासासाठी दिलंय.

वॉ (पायाने झुलवून "वॉ-वॉ" आवाज काढायचा पेडल) आणि फझ फेस यांचं सासू-सुनेचं नातं आहे. वॉ आधी लावला तर कधी शिट्टी, कधी वॉचा स्वीपच गायब. आधी फझ मग वॉ करून बघा.

मफ कुठंही लावा, तो गुणी आहे.

हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) आहे माझ्याकडे, चालेल का? आणि अ‍ॅक्टिव्ह पिकअप?

हमबकर चालतो, फक्त नेक पिकअपवर बेस गढूळ होतो, व्हॉल्यूम आठवर ठेवा. अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये गिटारच्या पोटातच बफर बसलेला असतो, त्यामुळे फझ फेसशी जमत नाही. मफ घ्या.

कॉर्ड वाजवली की सगळा चिखल होतो. पेडल खराब आहे का?

पेडल चांगला आहे, कॉर्ड बदला. फझमध्ये दोन सूर एकत्र घातले की त्यांची बेरीज आणि वजाबाकी असे नवे सूर आपोआप तयार होतात. आता बघा, ए तार ११० हर्ट्झ, तिच्यावरचा पंचम म्हणजे ई, १६५ हर्ट्झ. वजाबाकी ५५, तो पण ए, एक सप्तक खाली. सा आणि प लावलेत, पेडलने खर्जाचा सा फुकट दिला. म्हणूनच पॉवर कॉर्ड फझवर डोंगराएवढी वाटते. पण त्यात ग घातला तर गिटारवरचा गंधार मुळातच थोडा चढा असतो, त्यामुळे जो वजाबाकीचा सूर येतो तो सुरात बसत नाही आणि सगळं वळवळायला लागतं. तंबोरा प-सा-सा-सा असा का लावतात याचं उत्तर यातच थोडं सापडतं, पण तो विषय मिरजेतल्या जाणत्या माणसाला विचारा, माझी लायकी नाही.

थोडक्यात, दोन सूर, फार तर तीन. पूर्ण कॉर्ड पाहिजे तर गिटारचा व्हॉल्यूम सहावर.

घरी एकटा वाजवतो तेव्हा आवाज खतरनाक, पण बँडबरोबर मी गायबच होतो. असं का?

मफवाला आहेस ना? मला माहीत होतं. मफच्या टोन सर्किटमध्ये मधल्या फ्रिक्वेन्सीला खड्डा आहे, साधारण एक किलोहर्ट्झच्या आसपास. एकटं वाजवताना हा खड्डा फार गोड वाटतो, खाली बेस दणकट, वर झिळमिळ. पण बँडमध्ये खालची जागा बेस गिटार आणि ढोलकीची, वरची झांजांची, आणि गिटारची स्वतःची जागा बरोबर मधली, जिथं तुम्ही खड्डा पाडून बसलाय. मग व्हॉल्यूम वाढवता, कीबोर्डवाला वाढवतो, गायक चिडतो, आणि शेवटी साऊंडवाला तुमचाच चॅनल खाली ओढतो. ऑर्केस्ट्रात मी हे दोन सीझन भोगलंय.

उपाय सोपे आहेत. अॅम्पवर मिडल वाढवा, घरी वाईट वाटेल एवढा वाढवा. किंवा मफच्या नंतर एखादा ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह, ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल वर, तो नेमका मधला भाग फुगवतो, खड्डा बऱ्यापैकी बुजतो. किंवा सस्टेन कमी करा, सगळ्यांना ते पूर्ण लावायची खाज असते, बारा वाजताच्या जागी ठेवून बघा. किंवा ऑप-अँपवाल्यात टोन बायपास करा. फझ फेसवाल्यांना हा त्रास कमी, त्यांचा मध्य शाबूत असतो.

अॅम्प नाही, सरळ मिक्सरला लावतो. डास चावल्यासारखा आवाज येतो.

येणारच. गिटार अॅम्पचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं सोडतच नाही, तो चाळणीचं काम करतो. मिक्सर आणि पीएचे स्पीकर सगळं सोडतात, आणि फझमध्ये वरचं सगळं ठासून भरलेलं असतं, म्हणून भुंगा बाटलीत अडकल्यासारखं वाजतं. मध्ये कॅब सिम्युलेटर, म्हणजे गिटार स्पीकरच्या डब्याची नक्कल करणारं यंत्र, पाहिजे. मल्टी इफेक्ट (अनेक पेडल एकाच मशीनमध्ये) असेल तर त्यातला फक्त कॅब चालू ठेवा आणि फझ त्याच्या आधी लावा. फोनवर किंवा लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना पण तसंच.

घरात पडलेला अ‍ॅडॅप्टर चालेल का?

थांबा. हात लावू नका. पेडलला लागतो ९ व्होल्ट डीसी, आणि मधली पिन निगेटिव्ह. घरात पडलेले बहुतेक अ‍ॅडॅप्टर राउटरचे, १२ व्होल्ट, मधली पिन पॉझिटिव्ह, आणि जॅक मात्र तोच, बरोबर फिट बसतो, हीच तर मेख आहे. मी २०१९ ला लाइट गेली म्हणून अंधारात चाचपडत इन्व्हर्टरच्या बोर्डात जो हाताला लागला तो अ‍ॅडॅप्टर घातला आणि एक बारीकसा "टिक" आवाज आला. वास नाही, धूर नाही, फक्त टिक. नवा पेडल होता, अकरा दिवसांचा. नशिबाने आतला सुरक्षेचा डायोडच उडाला होता, पाच रुपयाच्या आतला पार्ट, पण तो शोधायला दोन दिवस गेले. आता माझ्या सगळ्या पेडलच्या अ‍ॅडॅप्टरला नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे, बायकोची बाटली, विचारून घेतली.

जुन्या पद्धतीचा जर्मेनियम पेडल असेल तर अजून एक भानगड, त्यातले काही पॉझिटिव्ह ग्राउंड, म्हणजे बाकीच्यांच्या उलट जोडणीचे, असतात. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून साखळी वायरने बाकीच्या पेडलबरोबर जोडला की सरळ शॉर्ट. त्याला वेगळी बॅटरी किंवा आयसोलेटेड पॉवर सप्लाय.

बॅटरी किती चालते?

फझ अगदी काही मिलिअँप खातो, त्यामुळे महिनोन्महिने. पण इनपुटला केबल लावून ठेवलीत तर पेडल बंद असला तरी बॅटरी चालूच राहते, तो जॅकच स्विचचं काम करतो. वाजवून झालं की केबल काढायची. बॅटरी म्हणजे मल्टीमीटरमध्ये घालतात ती चौकोनी, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. साधी स्वस्तवाली झिंक कार्बन घ्या, उतरत आली की फझ अजून मऊ होतो, काही लोक मुद्दाम अर्धी उतरलेली जपून ठेवतात. मी पण.

फझ लावला की रेडिओ ऐकू येतो, हे खरं का?

खरं. लांब केबल म्हणजे एरियल, आणि फझचा पहिला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हचा सिग्नल पकडून त्यातला आवाज वेगळा काढू शकतो, जुन्या रेडिओत हेच व्हायचं. विश्रामबागेत मित्राच्या घरी रात्री वीस फुटी केबलवर आम्ही आकाशवाणी सांगलीवरचं शेतीचं भाषण ऐकलंय, फझमधून, द्राक्षावरचा भुरी रोग म्हणजे एकदम हेवी मेटल. केबल लहान करा, चांगली शील्ड असलेली घ्या. बनवलेला पेडल असेल तर इनपुटला एक छोटा कपॅसिटर लावून पण थांबतं.

गुणगुण फार आहे, हम. काय करू?

सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) पिकअप असेल तर थोडी राहणार. डिमर, चोकवाली ट्यूबलाइट, मोबाइल चार्जर यांच्यापासून लांब उभे राहा, आणि स्वतःभोवती गोल फिरून बघा, एका दिशेला हम जवळजवळ जातो, तिकडं तोंड करून वाजवा. तारेला हात लावल्यावर हम वाढत असेल तर ग्राउंडिंग तपासा, आणि मांडवातल्या स्टेजवर माइकला ओठ लागून झटका बसत असेल तर वाजवणं थांबवून आधी वायरमनला बोलवा, त्यात हसण्यासारखं काही नाही. इन्व्हर्टरवर असताना गुणगुण वाढते, साधा इन्व्हर्टर स्वतःच चौकोनी लाट देतो, म्हणजे भिंतीतून पण फझच येतोय.

मल्टी इफेक्टमध्ये फझ आहेच, मग वेगळा कशाला?

मफसारखा आवाज त्यात बरा मिळतो, वेगळा घ्यायची घाई नको. फझ फेसचं ते गिटारच्या नॉबबरोबरचं खेळणं मात्र डिजिटलमध्ये नीट जमत नाही, कारण बहुतेक मशीनचा इनपुट पिकअपवर तसा लोडच टाकत नाही.

घरी बनवता येईल का?

येईल, आणि पहिला पेडल बनवायचा असेल तर फझ फेसच बनवा, अकरा तर पार्ट. सिलिकॉनसाठी बीसी १०८ मिळाला तर उत्तम, नाहीतर बीसी ५४९ वर पण मस्त बनतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा ८.२ के रेझिस्टर काढून तिथं २० के चा ट्रिमर लावा आणि मल्टीमीटरवर साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरवा, मग मल्टीमीटर बाजूला ठेवून कानाने फिरवा. पार्ट दोनशे रुपयाच्या आत बसतात, खरा खर्च डबा, स्विच आणि जॅकचा. डबा म्हणून माझ्या मित्राने भडंगाचा पत्र्याचा छोटा डबा वापरलाय, शील्डिंग एक नंबर, फक्त पाय टाकला की झाकण आत दबतं.

सेकंडहँड घेताना काय बघू?

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा. नॉब फिरवताना खर्रखर्र होतं का, होत असेल तर पॉट बदलायला लागेल, त्याचे पैसे कमी करा. स्विच वीस वेळा दाबा, एकदाही चुकला तर स्विच गेलाय. बॅटरीची जागा उघडून हिरवा गंज बघा. जॅक हलवून बघा. अ‍ॅडॅप्टरवर आणि बॅटरीवर दोन्ही वाजवा. आणि जर्मेनियम विकतोय म्हणाला तर दुपारी तीनला त्याच्या गच्चीवर ट्राय करायला मागा, तो "संध्याकाळी या की" म्हणाला की समजून जायचं.